अखंड वस्तीचे विज्ञान

(मढ, ता. जुन्नर, जि. पुणे येथील स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा छापील मजकूर)



पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर माणसांची एक वस्ती फिरते आहे. २ नोव्हेंबर २००० पासून ती एक दिवसही रिकामी राहिलेली नाही. तिचे नाव आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक. तिची कक्षा विषुववृत्ताशी ५१.६ अंशांचा कोन करते, म्हणून जुन्नर-आंबेगावच्या आकाशातूनही ती जाते. सूर्य मावळल्यावर किंवा उगवण्याआधी, आपल्याकडे अंधार आणि तिथे ऊन अशी वेळ जुळली, की न लुकलुकणारा एक ठळक ठिपका काही मिनिटांत आकाश ओलांडताना साध्या डोळ्यांनी दिसतो. आज मला दोन प्रश्नांचा विचार करायचा आहे. माणसांनी तिथे राहून संशोधन केल्याने असे काय कळते, जे दुसऱ्या कोणत्याही मार्गाने कळले नसते? आणि भारत आता स्वतःचे स्थानक बांधायला निघाला आहे, तर त्या कामाची पारख आपण कशी करावी? माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. स्थानकाची किंमत तिथे झालेल्या प्रयोगांच्या संख्येवरून ठरत नाही. माणसे तिथे सलग राहतात, यंत्रे बिघडतात, ती दुरुस्त होतात, शरीरे बदलतात, ते बदल वर्षानुवर्षे नोंदले जातात. या अखंड वस्तीतून जे ज्ञान निघते तेच स्थानकाचे खरे उत्पन्न आहे. हे मान्य केले, तर भारताच्या स्थानकाकडून काय मागायचे तेही स्पष्ट होते.

आधी एक गैरसमज दूर करू. स्थानकात माणसे तरंगतात, कारण तिथे गुरुत्वाकर्षण नसते, असे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. ४०० किलोमीटर उंचीवर पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या ओढीच्या जवळपास नव्वद टक्के असते. स्थानक आणि त्यातली माणसे एकाच वेगाने पृथ्वीकडे सतत पडत असतात. पण त्यांचा आडवा वेग ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर असल्याने पृथ्वीचा गोल पृष्ठभाग त्यांच्याखालून तितकाच वळत जातो आणि ती जमिनीवर कधीच पोहोचत नाहीत. दीड तासाच्या आसपास एक फेरी, दिवसाला साधारण सोळा फेऱ्या आणि तितकेच सूर्योदय. पडणाऱ्याला वजन जाणवत नाही. पृथ्वीवर उंच मनोऱ्यातून एखादी पेटी सोडून ही स्थिती काही सेकंद मिळते आणि विशिष्ट मार्गाने उडवलेल्या विमानात वीस-बावीस सेकंद. ज्वाला, थेंब किंवा धातूचा रस यांच्याविषयी काही जाणून घ्यायला एवढा वेळ कधी कधी पुरतो. पण हाड झिजायला, डोळ्याचा आकार बदलायला किंवा रोपाला बी धरायला आठवडे आणि महिने लागतात. स्थानकाची गरज इथून सुरू होते. तिथे मिळणारी दुर्मीळ गोष्ट म्हणजे वजनरहित स्थितीतला दीर्घ काळ.

आपल्या देशाचा अंतराळातल्या वस्तीशी आलेला संबंध पुणे जिल्ह्यातून जातो. ३ एप्रिल १९८४ रोजी बैकानूरहून निघालेले राकेश शर्मा खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत शिकलेले होते. २५ जून २०२५ रोजी अमेरिकेतील फ्लोरिडातून निघालेले शुभांशु शुक्ला हेही त्याच प्रबोधिनीचे. गगनयान मोहिमेसाठी निवडलेले प्रशांत नायर, अजित कृष्णन आणि अंगद प्रताप हेही तिथलेच विद्यार्थी. शर्मा सोव्हिएत संघाच्या सॅल्यूत-७ या स्थानकात गेले आणि ११ एप्रिलला परतले. भारतभूमीची छायाचित्रे घेणे, शरीरावरील परिणामांच्या चाचण्या आणि वजनरहित अवस्थेत योगासनांचा उपयोग तपासणे ही त्यांची मुख्य कामे होती. शुक्ला २६ जूनला आंतरराष्ट्रीय स्थानकात पोहोचले, १४ जुलैला तिथून निघाले आणि १५ जुलैला प्रशांत महासागरात उतरले. त्यांनी भारतीय संस्थांचे सात प्रयोग हाताळले. धारवाडच्या संस्थांनी मेथी आणि मूग तिथे अंकुरायला पाठवले होते. याशिवाय खाण्याजोगी सूक्ष्म शैवाले, स्नायूंच्या पेशी, पिकांचे बियाणे आणि कमालीच्या प्रतिकूल परिस्थितीतही तग धरणारे जलअस्वल नावाचे सूक्ष्म प्राणी होते. दोन्ही भेटी अभिमानाच्या होत्या आणि दोन्ही उपयोगी पडल्या. पण दोन्ही वेळा आपण दुसऱ्यांच्या घरी पाहुणे होतो, आणि या दोन भेटींमध्ये ४१ वर्षे गेली. पाहुण्याला घर दिसते. ते चालवताना काय काय करावे लागते, हे मात्र तिथे राहणाऱ्यालाच कळते. माझ्या मांडणीचा आधार हा फरक आहे, म्हणून त्याचे पुरावे आता एकेक करून पाहू.

पहिला पुरावा राकेश शर्मा जिथे राहिले त्याच स्थानकाचा. फेब्रुवारी १९८५ मध्ये सॅल्यूत-७ मध्ये कोणी राहत नसताना त्याचा जमिनीशी संपर्क तुटला. वीज गेली, उष्णता गेली आणि स्थानक गोठून निष्प्राण झाले. जूनमध्ये व्लादिमिर जानिबेकोव आणि व्हिक्टर साविनिख हे दोघे तिकडे गेले. स्थानकाकडून कोणताही संकेत येत नव्हता, त्यामुळे यान हाताने चालवून जोडावे लागले. आत भिंतींवर हिम साचले होते आणि पिण्याचे पाणी गोठले होते. दोघांनी लोकरी टोप्या घालून काम केले, निकामी घटसंच बाजूला काढले, उरलेले थेट सौरपट्ट्यांना जोडले आणि सौरपट्ट्यांवर ऊन यावे म्हणून आपल्या यानाच्या साहाय्याने सगळे स्थानकच वळवले. पुढे शोध घेतल्यावर कळले, की घटसंच किती भरले हे सांगणारा एक संवेदक बिघडल्यामुळे विजेची भरणी थांबली होती. एका लहानशा भागाच्या चुकीने सगळे स्थानक मेले आणि दोन माणसांच्या समजुतीने ते पुन्हा जिवंत झाले. त्या काळचे कोणतेही यंत्र हे काम करू शकले नसते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पुढचे प्रवासी तिथे राहायला आले. जानिबेकोव आणि साविनिख प्रयोगासाठी गेले नव्हते. तरी मेलेले स्थानक पुन्हा चालू करता येते हे ज्ञान त्यांच्यामुळे मिळाले, आणि दूरच्या प्रत्येक मोहिमेला ते लागणारच आहे.

दुसरा पुरावा पाण्याचा आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये एंडेव्हर यानाने आंतरराष्ट्रीय स्थानकात पाण्याच्या पुनर्वापराची यंत्रणा नेली. तिच्यात लघवीतून पाणी वेगळे काढणारे यंत्र होते. जमिनीवर त्याच्या पुष्कळ चाचण्या झाल्या होत्या आणि लघवीतले ८५ टक्के पाणी परत मिळेल असा हिशेब होता. वर्षभराच्या आत यंत्र तुंबले. तपासात दिसले, की ऊर्ध्वपातनाच्या भागात कॅल्शियम सल्फेट, म्हणजे जिप्सम साचले होते. त्याचे मूळ यंत्रात नव्हते, माणसांच्या हाडांत होते. वजन नाहीसे झाले की हाडे झिजतात, त्यांतले कॅल्शियम लघवीतून बाहेर पडते आणि लघवी टिकवण्यासाठी मिसळलेल्या गंधकाम्लाशी त्याचा संयोग होऊन जिप्सम तयार होते. जमिनीवरच्या चाचण्या जमिनीवरच्या माणसांच्या लघवीवर झाल्या होत्या; त्यात एवढे कॅल्शियम नव्हतेच. मग पाणी काढण्याचे प्रमाण तात्पुरते खाली आणले गेले, पुढे गंधकाम्लाच्या जागी फॉस्फरिक आम्ल वापरले गेले, नंतर उरलेल्या खाऱ्या अर्कातूनही पाणी काढणारे यंत्र जोडले गेले. २०२३ मध्ये स्थानकातले ९८ टक्के पाणी परत वापरात आणता येते असे सिद्ध झाले. या यशाला पंधरा वर्षे लागली. शरीर आणि यंत्र हे दोन वेगळे विषय मानून त्यांचा अभ्यास वेगवेगळ्या इमारतींत केला असता, तर हा दोष सापडला नसता. माणसे आणि यंत्र एकाच छपराखाली महिनोन्‌महिने राहिली म्हणून तो सापडला.

हाडांचा धागा पुढे नेऊ. सुरुवातीच्या दीर्घ मोहिमांत अंतराळवीरांच्या नितंबाच्या हाडाची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटत असे. स्थानकात पहिल्यापासून व्यायामाचे साधन होते, पण ते पुरेसा भार देत नव्हते. २००८ मध्ये, पाण्याची यंत्रणा नेणाऱ्या त्याच एंडेव्हरने, निर्वात नळकांड्यांच्या जोरावर भरपूर भार देणारे नवे साधन नेले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की हे साधन नियमित वापरणाऱ्या, पुरेसा आहार आणि ड जीवनसत्त्व घेणाऱ्या प्रवाशांची हाडांची घनता बऱ्याच अंशी टिकून राहिली. डोळ्यांची गोष्ट याहून बोलकी आहे. सहा-सहा महिने राहून आलेल्या सात अंतराळवीरांच्या डोळ्यांतील बदलांचा अहवाल २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींच्या डोळ्यांतील मज्जातंतूच्या टोकाला सूज होती, काहींचे नेत्रगोल मागून सपाट झाले होते, नजर बदलली होती. हा विकार शोधायला कोणी तिथे गेले नव्हते. लोक सलग राहिले, परत आल्यावर त्यांच्या तपासण्या होत राहिल्या, त्यातून तो पुढे आला. मंगळावर माणूस पाठवायच्या कोणत्याही योजनेला आता या विकाराचे उत्तर द्यावेच लागते.

शेवटचा पुरावा दुरुस्तीचा. विश्वकिरणांतले कण मोजणारा अल्फा मॅग्नेटिक स्पेक्ट्रोमीटर हा शोधक मे २०११ मध्ये स्थानकाच्या बाहेर बसवला गेला. त्याचे पंप एकेक करून निकामी होऊ लागले. कक्षेत दुरुस्ती करायची अशा बेताने तो बनवलेलाच नव्हता. तरी नोव्हेंबर २०१९ ते जानेवारी २०२० या काळात लुका पार्मितानो आणि अँड्र्यू मॉर्गन यांनी चार वेळा बाहेर जाऊन, त्या कामासाठी खास तयार केलेल्या हत्यारांनी, जाड हातमोज्यांत बारीक नळ्या कापल्या, जोडल्या आणि नवी शीतकरण यंत्रणा बसवली. शोधक पुन्हा मोजू लागला. कणभौतिकीचा हा प्रयोग माणसाशिवाय चालणारा आहे. पण तो चालू राहिला माणसामुळे.

या पुराव्यांत एक गोष्ट समान आहे. यांतले एकही ज्ञान आधी लिहिलेल्या प्रयोगाच्या आराखड्यातून आलेले नाही. ते राहण्यातून, बिघाडातून आणि सलग नोंदींतून आले. आंतरराष्ट्रीय स्थानकात आजवर चार हजारांहून अधिक प्रयोग झाले आहेत आणि त्यांतले अनेक मोलाचे आहेत. औषधांच्या रेणूंचे अधिक सारख्या आकाराचे स्फटिक तिथे तयार करता आले. इंधनाच्या थेंबावरची दिसणारी ज्वाला विझल्यावरही तो कमी तापमानाला, न दिसणाऱ्या ज्वालेने जळत राहतो, हेही तिथेच दिसले. तरी केवळ या यादीवर स्थानकाचे समर्थन उभे केले, तर ते लटके पडते. एवढ्या खर्चात जमिनीवर याहून अधिक प्रयोग झाले असते, असे कोणीही म्हणू शकतो, आणि त्याचे म्हणणे खोटे ठरवणे अवघड आहे. सलग वस्तीतून मिळालेल्या ज्ञानाबाबत मात्र तसे म्हणता येत नाही, कारण ते मिळवण्याची दुसरी जागाच नाही.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप शास्त्रज्ञांकडूनच येतो आणि तो सर्वांत सबळ आहे. माणूस कशाला पाठवायचा, यंत्र पाठवा, असे ते म्हणतात. त्यांच्या बाजूचा पुरावा आपल्याच देशात आहे. ३० डिसेंबर २०२४ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेल्या पीएसएलव्ही प्रक्षेपकाचा चौथा टप्पा काम संपल्यावर टाकून न देता कक्षेतला प्रयोगमंच म्हणून वापरला गेला. त्यावरच्या बंद पेटीत इस्रोने चवळीचे आठ दाणे ठेवले होते. ते काही दिवसांत अंकुरले आणि त्यांना पाने फुटली. त्याच मंचावर पनवेलजवळच्या अ‍ॅमिटी विद्यापीठाने पालकाच्या पेशींचा प्रयोग पाठवला होता. या दोन्ही प्रयोगांना कक्षेत माणूस लागला नाही. मग मेथी-मुगाला माणूस कशाला? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर म्हणून मी एक नियमच मान्य करतो. जे यंत्राने होते ते यंत्रानेच करावे. अंकुर फुटतो की नाही एवढेच पाहायचे असेल, तर त्यासाठी माणसाचा जीव धोक्यात घालू नये. पण हा नियम मान्य केल्यावरही स्थानकाचे काम संपत नाही, उलट नेमके होते. माणसाच्या शरीराचा अभ्यास माणसावरच होतो. बंद जागेत हवा, पाणी आणि अन्न यांचे चक्र माणसाला धरून चालते की नाही, हे त्या चक्रात माणूस असल्याशिवाय कळत नाही. आणि अनपेक्षित बिघाडाची दुरुस्ती अजून तरी माणसाच्या हाताकडे आणि निर्णयाकडेच आहे. भारताच्या स्थानकात कोणते प्रयोग न्यावेत आणि कोणते स्वयंचलित मंचावर ठेवावेत, हे या नियमाने ठरवता येईल. म्हणजे या आक्षेपातून आपल्याला निवडीची चाळणीच मिळते.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे आणि मढसारख्या गावात तो मोकळेपणाने मांडला गेलाच पाहिजे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने गगनयान कार्यक्रमाचा विस्तार मंजूर केला. त्यात भारतीय अंतराळ स्थानकाच्या पहिल्या भागाचाही समावेश आहे आणि एकूण तरतूद २०,१९३ कोटी रुपयांची आहे. या डोंगरपट्ट्यात पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो. कुकडी प्रकल्पाची पिंपळगाव जोगा, माणिकडोह, येडगाव, वडज आणि डिंभे ही धरणे जुन्नर आणि आंबेगाव याच दोन तालुक्यांत आहेत. तरी वरच्या वाड्या-वस्त्यांना उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण करावी लागते. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गेले आणि दीडशेच्या आसपास माणसे गेली. अशा ठिकाणी अंतराळातल्या घरावर खर्च कशाला, असे कोणी विचारले तर त्याला अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे दिली जातात आणि दोन्ही मला मान्य नाहीत. ही रक्कम देशातल्या माणशी भागली तर दीडशे रुपयेसुद्धा होत नाहीत, असे एक उत्तर आहे. रक्कम लहान असल्याने खर्च योग्य ठरत नाही. दुसरे उत्तर असे, की अंतराळ कार्यक्रमामुळेच दरडींचा आणि पावसाचा अंदाज मिळतो. ते उपग्रहांविषयी खरे आहे, स्थानकाविषयी नाही. माळीणसारख्या गावाला हवेत पर्जन्यमापक, उतारांची पाहणी, उपग्रहांची चित्रे आणि वेळेवर हलवणारी यंत्रणा. त्यांचे श्रेय स्थानकाला देणे हा खोटेपणा होईल.

माझे उत्तर वेगळे आहे. ज्ञानावरचा खर्च आणि गावाच्या पाण्यावरचा खर्च हे दोन्ही समाजाचे कर्तव्य आहे आणि एकाचे अपयश दुसऱ्यावर ढकलता येत नाही. वरच्या वाड्यांना पाणी मिळत नाही, त्याची कारणे पाणीवाटपाचे निर्णय, अर्धवट राहिलेल्या योजना आणि दुर्लक्ष यांत आहेत. स्थानक रद्द केल्याने ती दूर होणार नाहीत. मात्र ज्ञानावर खर्च करणाऱ्यावर एक बंधन येते. त्याने जे मिळवायचे म्हणून पैसे घेतले, ते खरोखर मिळाले की नाही, हे लोकांना दाखवून दिले पाहिजे. स्थानक प्रतिष्ठेसाठी बांधले, दोन-चार वेळा माणसे पाठवून छायाचित्रे काढली आणि नंतर ते रिकामे ठेवले, तर वरचा आक्षेप शंभर टक्के खरा ठरेल. स्थानकाचे सगळे मोल सलग वस्तीत आहे, हे माझे म्हणणे खरे असेल, तर अधूनमधून भेट दिले जाणारे स्थानक हा सर्वांत महागडा पर्याय आहे. कारण त्यात खर्च सगळा होतो आणि ज्ञान जवळजवळ काहीच हाती लागत नाही.

तिसरा आक्षेप असा, की हे सगळे इतरांनी करून ठेवले आहे. आपण तेच पुन्हा का करायचे? आंतरराष्ट्रीय स्थानकाचे आयुष्य आता संपत आले आहे. २०३० च्या सुमारास ते निवृत्त करून प्रशांत महासागराच्या निर्जन भागात उतरवायची योजना आहे. चीनचे तियानगोंग स्थानक चालू आहे, पण त्याच्या चाव्या चीनकडे आहेत. ज्यांच्याकडे स्थानक नाही त्यांनी कोणाला, किती दिवस आणि कोणत्या अटींवर पाठवायचे, हे दुसरे ठरवतील. शर्मा आणि शुक्ला यांच्यामधली ४१ वर्षे हा त्याचा दाखला आहे. शिवाय शरीराच्या नोंदी बहुतांशी अमेरिकी, रशियन आणि युरोपीय प्रवाशांच्या आहेत. आपल्याकडे ड जीवनसत्त्वाची कमतरता मोठ्या प्रमाणावर आढळते; हाडांची जपणूक जिथे त्या जीवनसत्त्वाशीही जोडलेली आहे, तिथे आपल्या माणसांच्या नोंदी दुसरे कोणी आपल्यासाठी करून देणार नाही. थोड्या लोकांच्या नोंदींवरून मोठे निष्कर्ष काढता येत नाहीत हेही खरे. म्हणूनच त्या नोंदी तुटक असून चालणार नाही; एका पद्धतीने, अनेक वर्षे आणि जगाच्या नोंदींना जोडता येतील अशा ठेवल्या पाहिजेत.

हे आपल्याला जमेल का? या शंकेचे उत्तर शोधायला जुन्नर तालुक्याबाहेर जावे लागत नाही. खोडद येथील जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप म्हणजे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची वेधशाळा. त्यांतल्या चौदा मधल्या भागात एकवटलेल्या आहेत आणि सोळा तीन दिशांना सुमारे पंचवीस किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या आहेत. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जड पत्र्याऐवजी दोरखंडांवर ताणलेली तारेची जाळी वापरून तिचा खर्च आवाक्यात आणला. अंतराळ स्थानकाशी तिचा थेट संबंध नाही, पण आपल्या प्रश्नाशी तीन प्रकारे आहे. पहिले म्हणजे तिचा वेळ खुल्या प्रस्तावांवर दिला जातो. तज्ज्ञांची समिती प्रस्ताव तपासते आणि देशोदेशीचे संशोधक ती वापरतात. दुसरे, ती दशकानुदशके चालू ठेवली गेली आणि बंद न करता सुधारली गेली. जून २०२३ मध्ये अतिमंद गुरुत्वीय लहरींचे संकेत मिळाल्याचे जगभरच्या गटांनी जाहीर केले, त्यांत खोडदच्या नोंदी वापरणारा भारतीय गट होता. असे संकेत एका रात्रीच्या निरीक्षणाने मिळत नाहीत. ठरावीक ताऱ्यांचे ठोके वर्षानुवर्षे न चुकता मोजावे लागतात. तिसरे, ऑक्टोबर २०१६ मध्ये युरोपचा शियापरेली हा उतरक मंगळाच्या वातावरणात शिरत असताना त्याचा क्षीण संकेत खोडदने पकडला. त्या कामासाठी ही वेधशाळा बांधलेली नव्हती. चालू आणि सज्ज ठेवलेली असल्यामुळे ती उपयोगी पडली. खुलेपणा, सातत्य आणि सज्जता या तीन गुणांनी एका ग्रामीण तालुक्यातले साधन जगाच्या विज्ञानाला अत्यावश्यक ठरले. स्थानकाला हेच गुण लागतात.

भारतीय अंतराळ स्थानकाचा पहिला भाग २०२८ मध्ये आणि पाच भागांचे पूर्ण स्थानक २०३५ पर्यंत उभे करायचे उद्दिष्ट आहे. म्हणजे आराखडे आत्ता ठरत आहेत आणि मागण्या करायच्या तर त्या आत्ताच केल्या पाहिजेत. पहिली मागणी, की स्थानक बांधण्याच्या तरतुदीबरोबरच ते किमान दहा वर्षे सलग वस्तीत ठेवण्याची तरतूद जाहीर व्हावी. चालवण्याचा खर्च बांधण्याच्या खर्चाइतकाच खरा आहे. दुसरी, की प्रत्येक भाग कक्षेत उघडून दुरुस्त करता येईल असाच बनवावा. स्पेक्ट्रोमीटरच्या पंपांनी शिकवलेला धडा आपण फुकटात शिकू शकतो. तिसरी, की प्रयोगांची निवड खुल्या प्रस्तावांतून, स्वतंत्र परीक्षकांकडून व्हावी आणि तालुक्याच्या महाविद्यालयातील प्राध्यापकालाही प्रस्ताव पाठवता यावा. चौथी, की फसलेल्या प्रयोगांसह सर्व नोंदी ठरावीक मुदतीत प्रसिद्ध व्हाव्यात. जिप्समने तुंबलेले यंत्र हे अपयश होते. ते लपवले असते तर ९८ टक्क्यांचे यश आले नसते. या अटी अवास्तव नाहीत. पहिली आणि शेवटच्या दोन अटी खोडदला बऱ्याच अंशी पाळल्या जातात, आणि दरवर्षी विज्ञान दिनाला तिथे जमणारी शाळकरी मुले त्या वेधशाळेला आपली मानतात, त्यामागे हा खुलेपणाही आहे.

या भागातल्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना शेवटी एवढेच सांगायचे आहे. अंतराळवीर होण्याची संधी फार थोड्यांना मिळेल, पण स्थानक चालवायला लागणारी विद्या मोठी आहे आणि तिचा बराचसा भाग जमिनीवरच शिकायचा आहे. पाण्यातले क्षार मोजणे, झडपा आणि पंप दुरुस्त करणे, बियाण्याची उगवण नोंदणे, हाडांच्या आजारांचा अभ्यास करणे, वर्षानुवर्षे एकाच पद्धतीने वही लिहिणे ही तिची अंगे आहेत. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरच्या कारखान्याने इस्रोच्या प्रक्षेपकांचे भाग घडवले, ते याच जिल्ह्यातल्या कामगारांच्या हातांनी. असे कौशल्य इथेही वाढू शकते. स्थानकाविषयी लोकांनी अभिमान बाळगावा, पण त्याहून अधिक त्याचा हिशेब मागावा: यंदा किती दिवस माणसे तिथे राहिली, काय बिघडले, काय दुरुस्त झाले आणि त्यातून काय कळले? हा प्रश्न मढच्या ग्रामसभेत विचारला गेला आणि त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी इस्रोने मानली, तर त्या स्थानकावरचा प्रत्येक रुपया सार्थकी लागला असे मी म्हणेन.